मोडणार नाही म्हणजे नाही!

बी.ई.ला आलं की एकच शब्द रात्रंदिवस कानावर आदळतो. प्रोजेक्ट. प्रोजेक्टचा ग्रुप, प्रोजेक्टचा गाइड, प्रोजेक्टची डायरी. पण हा शब्द ओळीच्या शेवटी आला तर तोडायचा कुठे, हे व्हायवात कोणी विचारत नाही.

आम्ही रिपोर्ट लेटेकमध्ये केला. (वर्डवाले हसले. हसू देत.) इंग्रजी शब्द ओळीत मावला नाही की लेटेक स्वतःच हायफन टाकून तोडतं. भलेभले शब्द त्याने तोडले, पण ‘प्रोजेक्ट’ला हात लावेना. हा पठ्ठ्या मार्जिनबाहेर डोकं काढून उभा, आणि लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ची बोंब!

शोधलं तेव्हा गंमत कळली. टेक लिहिणारे डोनाल्ड कनूथ. त्यांचा स्टॅनफर्डमधला विद्यार्थी फ्रँक लियांग याने 1983 साली चक्क शब्द तोडण्यावर पीएच.डी. केली. मेमरी तुटपुंजी, अख्खी डिक्शनरी मावणार कुठे? म्हणून त्याने साधारण साडेचार हजार नमुने काढले : अमुक अक्षरांमध्ये तोड, तमुक अक्षरांमध्ये नको. एवढ्यावर पॉकेट डिक्शनरीतल्या सुमारे 89 टक्के जागा बरोबर सापडतात आणि चुका जवळजवळ होत नाहीत. तरीही फाइलच्या शेवटी 14 शब्दांची वेगळी यादी आहेच. त्यात ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हायफनशिवाय लिहिलेत. म्हणजे, यांना तोडूच नका.

कारण अमेरिकन पद्धतीत शब्द उच्चाराप्रमाणे तुटतो. नाम असेल, म्हणजे आपला सबमिशनवाला, तर जोर सुरुवातीच्या ‘प्रॉज्’वर आणि हायफन जे नंतर. क्रियापद असेल तर जोर शेवटच्या ‘जेक्ट’वर आणि हायफन ओ नंतर. स्पेलिंग तेच! अर्थ कळल्याशिवाय जागा कळत नाही, आणि नमुन्यांना अर्थ कुठला कळायला?

त्यात क्रियापदाचे अर्थ तरी किती! लॅटिन मूळ ‘पुढे फेकणे’. पडद्यावर चित्र टाकणं आलं, भिंतीबाहेर आलेला छज्जा आला, पुढल्या वर्षीच्या मागणीचा अंदाज आला. मराठीत बरं आहे, प्रकल्प वेगळा, प्रक्षेपण वेगळं. पण इंग्रजी बोलताना आपल्यातले बरेच जण दोन्हीकडे एकच ‘प्रोजेक्ट’ ठोकून देतात.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र मराठी माध्यमाचा. सेमिनारमध्ये ‘वुई प्रोजेक्ट’ म्हणताना त्याने जोर नामासारखा दिला आणि मागच्या बाकांवरून खसखस पिकली. पुढचे दोन सेमिनार तो उभाच राहिला नाही, स्लाइड्स त्याच्या आणि बोलायचो आम्ही. हसणाऱ्यांना नंतर मी नियम विचारला. एकालाही सांगता आला नाही. त्यांच्यापेक्षा लियांगची फाइल शहाणी, जिथे कळत नाही तिथे गप्प तरी बसते.

लेटेकमध्ये यावर साधा उपाय आहे. शब्दात हवं तिथे बॅकस्लॅश आणि हायफन टाकला की ते तिथेच तोडतं. रिपोर्टमधले अडलेले ‘प्रोजेक्ट’ त्या मित्रानेच एकेक वाचून काढले. प्रस्तावनेतला जे नंतर, निष्कर्षातला ओ नंतर. मार्जिन सरळ झालं. रात्री अकराला प्रिंट काढून सकाळी बाइंडिंगला दिलं, आणि व्हायवाला निष्कर्षाचं प्रकरण त्यानेच मांडलं.