आचार्य, आचारी आणि आमची लायब्ररी

जुनी वेबसाइट ओळखायची कशी? सोप्पंय. वर 'आपले सहर्ष स्वागत'ची सरकती पट्टी, खाली व्हिजिटर काउंटर आणि कोपऱ्यात एक नम्र सूचना : ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, 800 बाय 600 वर उत्तम दिसेल. आता तो एक्सप्लोरर बिचारा 2022 च्या जूनमध्येच रिटायर झाला. म्हणजे सूचना आहे, पण पाळायची कशी?

आमची ऑनलाइन लायब्ररी डिट्टो अशीच होती. 'आमची' म्हणायचं कारण, गेली दोन वर्षं मी तिथे फुकट काम करतेय. फुकट म्हटलेलं तिथल्या काकांना चालत नाही. 'स्वयंसेवी' म्हणायचं! पुण्यातल्या सात-आठ रिटायर्ड मंडळींनी ही साइट सुरू केली तेव्हा मी बालवाडीत डबा सांडत होते. उद्योग एकदम साधा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपतो. गडकरी आणि ह. ना. आपटे 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यांची पुस्तकं कुणीही, कुठेही, मोफत देऊ शकतं. मग ही मंडळी घरी बसून ती पुस्तकं अक्षर अन् अक्षर टाइप करायची, एकमेकांची प्रुफं तपासायची आणि साइटवर चढवायची. चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा.

मी गेले होते स्टोरी करायला. फ्रीलान्सरला रविवारी दुसरं काय काम असतं? पण बाहेर पडताना एका काकूंनी हातात लाडू ठेवला आणि विचारलं, "तू मासकॉम केलंयस ना, मग वेबसाइट नवी करता येईल ना तुला?" मासकॉमचा आणि वेबसाइटचा संबंध काय, हे लाडू खाताना सांगता येत नाही.

माझ्या डोक्यात मेकओव्हरचा फंडा क्लिअर होता. नवा लोगो, मोबाइलवर झकास दिसणारं पान, डार्क मोड. दोन मित्रांना पकडलं, दोघेही आयटीवाले. त्यांनी साइट लॅपटॉपवर उघडली आणि आम्ही तिघेही गप्प. स्क्रीनवर पुस्तकंच नव्हती. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. कुणीतरी कीबोर्डवर बसल्यासारखी.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, मजा आहे. विंडोज 98 च्या जमान्यात कॉम्प्युटरला मराठी कळायचंच नाही. त्यावर जुगाड असा, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी हे सगळे त्याच जातीचे फॉन्ट. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं, तर आत साठवलं जातं इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट असेल तर 'मराठी' दिसणार, नसेल तर नुसतं ईजेकेबीएच. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून आज व्हॉट्सअॅपवर कुठल्याही फोनवर मराठी उमटतं. पण विंडोजमध्ये हे आलं 2000 पासून, आणि एक्सपीवर तर भारतीय भाषा सेटिंगमध्ये जाऊन वेगळ्या सुरू करायला लागायच्या. तोवर आमच्या काकांची शंभर पुस्तकं टाइप करून झाली होती.

मित्राने लगेच तोडगा काढला. हे सगळं टाकून द्या, पुस्तकं स्कॅन करा, पीडीएफ चढवा. दोन महिन्यांत नवी कोरी साइट! मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा कुणीच विरोध केला नाही. लाडूवाल्या काकू फक्त म्हणाल्या, "मग आम्ही इतकी वर्षं काय केलं रे?"

याला कुणाकडे उत्तर नव्हतं. पण त्याच आठवड्यात लायब्ररीला एका वाचकाचा ईमेल आला. ते दृष्टिहीन, कॉम्प्युटर वापरतात तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत म्हणे, पण माझा कॉम्प्युटर तिथे नुसती इंग्रजीत बडबड करतो. बरोबरच होतं. त्याला ईजेकेबीएचच दिसणार. आणि स्कॅन म्हणजे तर पानाचा फोटो. त्यातून त्याला बडबडसुद्धा मिळाली नसती. गुगललाही आमचं एक पान कधी सापडलं नव्हतं, त्याचं कारणही हेच.

जगातली सगळ्यात जुनी डिजिटल लायब्ररी म्हणजे प्रोजेक्ट गुटेनबर्ग. 4 जुलै 1971 ला इलिनॉय विद्यापीठातल्या मेनफ्रेमवर मायकेल हार्टने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तिथून तिची सुरुवात. तीही स्वयंसेवकांवरच चालते. आज तिथे 70 हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. साइटचं रूप मधल्या काळात बदललं, फाइलींचे नवनवे प्रकार आले, तरी पुस्तकांचे नंबर तेच. 'अॅलिस इन वंडरलँड' 11 नंबरची, ती आजही 11 नंबरचीच. आणि टिकण्याचं गुपित काय, तर साधा मजकूर. कुठल्याही मशीनला वाचता येईल असा.

मग आमचं ठरलं. आधी अक्षरं, नंतर लोगो.

मित्रांनी कन्व्हर्टर लिहिला. प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता करायचा, कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठलं मराठी. वाटलं, झालं काम. कसलं काय! जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. प्रस्तावनेत मधेच इंग्रजी शब्द आला, की कन्व्हर्टर त्याचंही इमानेइतबारे भलतंच मराठी करणार. आणि सगळ्यात भारी गंमत 'र'ची. एका पुस्तकात 'आचाऱ्यांना' जेवणाचं सांगितलं होतं, कन्व्हर्टरने सांगितलं 'आचार्यांना'. स्वयंपाक थेट गुरुजींच्या गळ्यात!

मशीनला हे कळत नाही. आम्हालाही नेहमी कळायचं नाही, कारण आमच्या पिढीला शुद्धलेखन ऑटोकरेक्टने शिकवलं. काकांना मात्र एका नजरेत दिसायचं. मग पद्धतच पडली. शनिवारी मित्र पुस्तक कन्व्हर्ट करणार, आठवडाभर काका-काकू मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचणार, चुका वहीत लिहिणार. हो, वहीतच. त्या वहीवरून मित्र कन्व्हर्टर सुधारणार. सातव्या-आठव्या पुस्तकापर्यंत चुका इतक्या कमी झाल्या, की एक काका कुरकुरले, "आता वाचायला मजा येत नाही."

साइटचं नवं रूप सगळ्यात शेवटी आलं, महिन्याभरात झालंसुद्धा. मोबाइलवर उघडते, अक्षर मोठं करता येतं. जुनी लिंक टाइप केली तरी नव्या पानावर नेऊन सोडते, कारण अमेरिकेत कुणीतरी ती पंधरा वर्षांपूर्वी जपून ठेवलेली असू शकते. पासवर्ड आता तिघांकडे आहेत. आधी एकाच काकांकडे होते आणि त्यांच्या बायपासच्या वेळी सगळ्यांना दुहेरी काळजी लागली होती. सरकती पट्टी गेली. काउंटरसाठी मतदान झालं, त्यात आम्ही हरलो. काउंटर आहे.

ज्यांचा ईमेल आला होता, त्यांना पहिलं पुस्तक तयार झाल्यावर कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आभार वगैरे होतेच, पण खाली तीन चुकाही काढल्या होत्या. ऐकून! काकू जाम खूश. त्या वाचकांचं नाव आता प्रुफं तपासणाऱ्यांच्या यादीत आहे.

आता तुमच्यासाठी एक होमवर्क. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आजोबांच्या सीडीत अशाच फॉन्टमधलं काहीतरी नक्की पडलं असेल. आत्मचरित्र, कविता, सोसायटीच्या मीटिंगची इतिवृत्तं, काहीही. उघडल्यावर कचरा दिसला म्हणून डिलीट मारू नका. फाइलबरोबर त्या फॉन्टचीही कॉपी काढून ठेवा, तक्ता करायला तीच लागते. कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. आणि ज्यांनी ते टाइप केलं, त्यांनाच शेजारी बसवून तपासून घ्या. आचारी कुठला आणि आचार्य कुठला, हे त्यांनाच माहीत असतं.