भरीत, बिबडे आणि शंभर डॉलर

ब्लॉगवरून पैसे मिळतात का हो? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला चौघांनी विचारला. त्यातले दोघे नात्यातले, एक जुना ब्लॉगर मित्र, आणि एक चक्क आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर त्यांना "तसलं काहीतरी" सुरू करायचंय. चौघांनाही हवी होती यादी. कुठली साधनं वापरायची, कुठे नाव नोंदवायचं, चकटफू काय आहे आणि पैसे कशाला पडतात. अशा याद्या जालावर पोत्यांनी पडल्या आहेत, पण त्या बहुतेक इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी असतात. मराठीत लिहिणाऱ्याच्या अडचणी वेगळ्याच. म्हणून म्हटलं, एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकावं.

मी इथे जे खरडतो त्यातून मला दमडी मिळत नाही, आणि मिळावी असं फारसं वाटतही नाही. (बायकोला वाटतं.) माझा या विषयातला सगळा अनुभव वहिनींच्या ब्लॉगचा. वहिनी म्हणजे जळगावच्या आमच्या दादाची बायको. माहेर यावल तालुक्यातलं, त्यामुळे भरीत, कळण्याची भाकरी, बिबडे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. २०२० च्या टाळेबंदीत दादाचा कारखाना बंद पडला आणि नोकरी गेली. पुतणी तेव्हा बारावीत. त्या पावसाळ्यात वहिनींनी फोनवर विचारलं, "भाऊजी, तुम्ही ते लिहिता तसं मी लिहिलं तर घराला काही हातभार लागेल का?" हौसेने विचारलेला प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. "बघू या" म्हणून टोलवता येईना.

सुरुवात लिहिण्यापासूनच. आपण मंडळी बरहा, गमभन, मग गुगलचं लिप्यंतर असे टप्पे खात इथवर आलो. वहिनींनी कळफलकाला हातच लावला नाही. त्या फोनला सांगतात आणि फोन लिहितो. मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून गुगलच्या कळफलकात आहे, आणि भाकरी थापता थापता लेख होतो ही काही लहान गोष्ट नाही. पण वहिनी बोलतात लेवा गणबोलीच्या वळणाचं. पहिल्याच लेखात "वांगी पऱ्हाट्यांवर भाजा" याचं "वांगी पराठ्यांवर भाजा" झालं! (शहरी वाचकांसाठी: पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याला जी चव येते ती गॅसवर येत नाही.) तेव्हापासून लेख बोलून झाला की पुतणी तो एकदा वाचते. हे सगळ्यात उपयोगी साधन, आणि ते जालावर मिळत नाही :)

या पऱ्हाट्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. 'ऱ्ह' किंवा 'दुसऱ्या'मधला तो अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कळफलक नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साधा र आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. माझ्या ब्राउझरमध्ये एका पद्धतीने लिहून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. तेव्हा एकच पद्धत धरा आणि जुने लेख शोधून-बदलून तीत आणा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. ब्लॉगरवर देवनागरीत शीर्षक दिलं की ते लेखाच्या पत्त्यात उतरत नाही. तिथे नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा येतो. वर्डप्रेसवर शीर्षक देवनागरीत राहतं, पण दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची मारुतीच्या शेपटाएवढी माळ होते आणि पाहणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. दोन्हीकडे उपाय एकच. लेख प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या खणात आपल्या हाताने रोमन अक्षरांत चार शब्द घालायचे.

आता पैशाकडे येऊ, कारण सेक्रेटरीसाहेब इथवर वाचून कंटाळले असतील.

गुगलचं अ‍ॅडसेन्स २००३ पासून आहे. तिथे हिंदीला प्रवेश मिळाला २०१४ च्या डिसेंबरात आणि मराठीला २०१८ मध्ये. म्हणजे २००५-०६ च्या सुमारास आपण हिरिरीने मराठी ब्लॉग लिहीत होतो तेव्हा त्यावर जाहिराती लावायची अधिकृत सोयच नव्हती. आपण किती निर्मळ मनाने लिहायचो असं आज जे म्हणतात, त्यांनी हेही लक्षात ठेवावं.

तर वहिनींनी सहा महिन्यांत चाळीस लेख जमवले आणि मग अर्ज केला. १० डॉलर जमले की गुगल साध्या टपालाने घरी एक पाकीट पाठवतं. त्यात सहा आकडी पिन असतो, तो भरला की पत्ता खरा ठरतो. हे पाकीट आलं तेव्हा दादाने ते देवाजवळ ठेवलं होतं. पैसे मात्र १०० डॉलर पुरे झाल्याशिवाय बँकेत येत नाहीत. वहिनींना पहिले शंभर जमायला चौदा महिने लागले. चौदा महिन्यांत आठेक हजार रुपये. भरताच्या वांग्यांचा खर्च निघाला, पुतणीची फी नाही.

यात कुणाचं कपट नाही, लिलावाचा हिशेब आहे. तुमच्या पानावर कोण वाचक आला आणि त्याच्यासमोर झळकायला कोणता जाहिरातदार किती मोजतो, यावर भाव ठरतो. न्यू जर्सीतली एखादी मराठी मुलगी भरीत शोधत आली की वहिनींच्या खात्यात जे पडतं, ते जळगावातल्या कितीतरी वाचकांच्या बरोबरीचं असतं. २०२४ च्या सुरुवातीपासून हा हिशेब टिचकीवर नाही, जाहिरात दिसण्यावर होतो. तेवढ्याने फार फरक पडला असं मला दिसलं नाही.

मग वाचक वाढवायचे. इथे साधनांचा खरा बाजार सुरू होतो आणि माणूस त्यात हरवतो. गुगल अ‍ॅनालिटिक्स घ्या. किती माणसं आली, कुठून आली, किती वेळ थांबली, सगळं सांगतं. जुनी पद्धत १ जुलै २०२३ ला थांबली आणि नवी आली, ती मला अजून नीट अंगवळणी पडलेली नाही. वहिनी त्याकडे बघतही नाहीत. रोज किती पाहुणे आले ते मोजत बसलं की स्वयंपाक कधी करायचा, असं त्यांचं म्हणणं. पानांचा वेग मोजणारं पेजस्पीड इनसाइट्स मात्र एकदा चालवून बघाच. वहिनींचे फोटो चार-चार एमबीचे होते. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच फोटो बारीक करून देतं. गावाकडच्या फोनवर पान पटकन उघडायला लागलं एवढ्याने.

कीवर्ड प्लॅनर नावाचं साधन लोक महिन्याला काय किती शोधतात त्याचे आकडे देतं. ते उघडलं की भरीत-बिबड्यांचा आकडा मुंगीएवढा आणि पनीर-केकचा हत्तीएवढा. वहिनींनी डिसेंबरात बिनअंड्याच्या केकवर एक लेख लिहिला. चालला, अजूनही चालतो. पण तो वाचायला आलेला माणूस केक घेऊन जातो, दुसरं पान उघडत नाही. आणि केकबद्दल वहिनींना जे माहीत आहे ते आणखी हजार जणींना माहीत आहे. आसोद्याच्या फिक्या हिरव्या, पांढरट वांग्यात आणि बाजारातल्या जांभळ्या वांग्यात काय फरक, बडगीत ठेचलेलं भरीत आणि मिक्सरमधलं भरीत यांत काय फरक, हे सांगणारे किती? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. लिहून देणारी यंत्रं आल्यापासून तर मला हे जास्तच पटलंय. गंमत म्हणून अशा एका यंत्राला खानदेशी भरताची कृती विचारली, तर त्याने बिनदिक्कत टोमॅटो घातला. वहिनींना वाचून दाखवलं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. त्या "हं"चं लिप्यंतर होत नाही.

ज्या साधनाने खरं काम केलं त्याचं नाव सर्च कन्सोल. पूर्वी त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत, २०१५ मध्ये नाव बदललं. फुकट आहे. लोकांनी गुगलमध्ये नेमके कोणते शब्द घातले तेव्हा तुमचं पान त्यांच्यापुढे आलं, याची यादी ते देतं, मागच्या सोळा महिन्यांची. कीवर्ड प्लॅनर जगाला काय हवंय ते सांगतं, आणि हे सांगतं तुमच्या दारात कोण काय मागायला आलं होतं. त्यात पहिला धक्का लिपीचा. वहिनींचं सगळं लिखाण देवनागरीत, आणि शोधणारे अर्ध्याहून अधिक रोमन अक्षरांत. त्यातही भरीतची स्पेलिंगं पाच, बिबडेची सहा. म्हणून आता प्रत्येक लेखाखाली त्या पदार्थाचं नाव रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारे येतं. दिसायला बरं दिसत नाही, पण माणसं सापडतात.

दुसरी गंमत आलेखाची. भरताच्या पानाची रेघ आषाढात खाली बसते, दिवाळीनंतर उठते आणि मार्गशीर्षात शेंड्याला जाते. मी मोठ्या उत्साहाने हा शोध फोनवर सांगितला. वहिनी म्हणाल्या, "अहो, चातुर्मासात वांगं कोण खातं? चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग खातात. हे सांगायला एवढं यंत्र कशाला?" खरंय. पण यंत्रामुळे एवढं कळलं की लेख गुगलच्या नोंदीत येऊन वर सरकायला काही आठवडे जातात. तेव्हा भरताचा नवा लेख मार्गशीर्षात नाही, कोजागिरीच्या आसपास टाकायचा.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. ती यादी मोठ्या आकड्यांकडून खाली वाचत जायची आणि थांबायचं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात मी अशीच तळाशी गेलो होतो. तिथे तीन-चार ओळी होत्या. बिबडे विकत कुठे मिळतील. खानदेशी बिबडे पुण्यात. कळण्याचं पीठ ऑर्डर. आकडे तिसा-चाळिसांतले, कुठल्याही शहाण्याने सोडून द्यावेत असे. पण ती माणसं कृती मागत नव्हती, खाऊ मागत होती. दारात उभी होती आणि आम्ही त्यांना कृती वाचून दाखवत होतो.

वहिनींनी दोन रात्री विचार केला. त्यांना विकण्याचा संकोच होता. पाहुण्याला शिदोरी बांधून द्यायची, तिचे पैसे कसे घ्यायचे? पुतणी म्हणाली, "आई, फुकट वाचायला सगळे येतातच, चार जण पैसे देऊन खाऊ देत." एफएसएसएआयची नोंदणी केली, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर पदार्थांचा कॅटलॉग लावला, युपीआयचा क्यूआर कोड छापून आणला आणि लेखाखाली एक ओळ टाकली. पहिल्या उन्हाळ्यात बावीस किलो बिबडे गेले. पुढच्या वर्षी शेजारच्या दोघी मदतीला घ्याव्या लागल्या. ज्वारी भिजवण्यापासून सगळं घरचं, त्यामुळे चैत्र उलटला की ऑर्डरी बंद. पुतणीच्या शेवटच्या दोन वर्षांची फी त्यातून गेली. जाहिरातींचे डॉलर अजून येतात, इंटरनेटचं बिल भागतं. दादा आता पार्सलं बांधतो आणि वजनकाट्यावर कुणाला हात लावू देत नाही.

एक गोष्ट राहिली. वाचकांची यादी आपल्याजवळ हवी. १ जुलै २०१३ ला गुगल रीडर बंद झालं तेव्हा आपले किती वाचक पांगले ते आठवतंय ना? फीडबर्नरची ईमेल पाठवायची सोयही २०२१ मध्ये गेली. वहिनींचं साधन साधं आहे, व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी त्यांचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. शिवाय प्रत्येकाचं नाव, गाव आणि काय आवडतं ते एका दोनशे पानी वहीत. ब्लॉगची पूर्ण प्रत उतरवून घ्यायची सोय आहे, ती पुतणी दर महिन्याला वापरते. वहीची प्रत मात्र नाही. ती डब्यांच्या फळीवर, मेथीदाण्याच्या बरणीमागे असते.

ता. क.: वहिनींचा नंबर इथे देत नाही, नाहीतर ही सगळी जाहिरात होती असं म्हणाल. काकू, तुमच्याकडे तो आहेच. पण यंदाचे बिबडे संपले, आता थेट होळीनंतर.