सराव शर्यत पदकासाठी नसते

"डॉक्टर, जूनमध्ये नव्वद किलोमीटर धावायचंय. मग आधी एकदा नव्वद धावून बघू का?"

अल्ट्रामॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी दवाखान्यात आली की हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर 'नाही' असे असते. पण त्याऐवजी काय करायचे, हे जरा सविस्तर सांगावे लागते. आजचा लेख त्यासाठी.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किमी असते. त्याहून लांब ती अल्ट्रा. महाराष्ट्रातल्या अनेक धावपटूंना ओढ असते ती दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सची. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ २४ मे १९२१ रोजी ३४ धावपटूंनी ती सुरू केली. डरबन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमधले हे अंतर साधारण ८७ ते ९० किमी भरते आणि ते १२ तासांत संपवावे लागते. आपल्या हिशोबाने सांगायचे तर जळगावहून निघायचे, एरंडोल, पारोळा मागे टाकायचे आणि संध्याकाळच्या आत धुळ्याला पोहोचायचे. तेही मोठमोठे डोंगर चढत-उतरत.

नव्वदसाठी नव्वद का नाही?

एवढे अंतर धावल्यावर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. त्या भरून यायला काही आठवडे जातात. तेवढ्यात खरी शर्यत येऊन ठेपते आणि आपण थकलेले पाय घेऊनच सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतो. म्हणून अंतराची तयारी महिनोन्‌महिने थोडी थोडी करायची आणि सराव शर्यतीकडून दुसरेच काम करून घ्यायचे.

ते काम तपासणीचे. आम्ही डॉक्टर रक्त तपासायला पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर नेमके काय तपासायचे ते लिहितो. सराव शर्यतीचेही तसेच. 'आज मला काय तपासायचे आहे?' हे आदल्या दिवशी वहीत लिहा. पोट, पाणी, बूट, उतार यांपैकी एक, फार तर दोन. आणि त्या दिवशी पूर्ण जोर लावायचा नाही. शेवटच्या दोन किलोमीटरला शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या, तर वेग बरोबर होता असे समजा.

वजनकाट्याने सांगितलेली गोष्ट

पन्नाशीतले एक शिक्षक माझ्याकडे येतात. त्यांच्या परवानगीने, ओळख न देता सांगतो. जानेवारीत ते मुंबईची मॅरेथॉन धावले. कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी ठरलेल्या वेळेत मॅरेथॉन पूर्ण केल्याची नोंद लागते, ती त्यांना हवी होती. नोंद मिळाली, सर खूश होते. धावण्याआधी आणि नंतर वजन करायला मी सांगितले होते, तेही त्यांनी केले होते. आधी ६८ किलो, नंतर ६९.

"डॉक्टर, काटा बिघडलेला असेल," ते म्हणाले. "एवढा घाम गेला, वजन वाढेल कसं?"

काटा ठीक होता. 'पाणी कमी पडायला नको' म्हणून सरांनी प्रत्येक टेबलावर थांबून पाणी प्यायले होते. दुपारी डोके दुखत होते, मळमळ होती आणि बोटातली अंगठी निघत नव्हती. त्यांना वाटले, हा थकवा.

घामावाटे मीठ जाते. वरून गरजेपेक्षा जास्त पाणी आले की रक्तातले सोडियम पातळ होते. त्याची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते. ती फार घसरली तर मेंदूला सूज येते, माणूस गोंधळतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतले डॉ. टिमोथी नोक्स यांनी १९८५ मध्ये अशा धावपटूंची नोंद प्रसिद्ध केली. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते.

सरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे थायाझाइड गटातले औषध होते. हे औषधही सोडियम कमी करू शकते. त्यांच्या फिजिशियनशी बोलून आम्ही गोळी बदलली. (अशी गोळी कोणीही स्वतःहून बंद करू नये!)

आपल्याकडे एप्रिलमध्ये कोण शर्यत भरवणार? म्हणून आमच्या गटाने मेहरूण तलावाभोवती घरगुती शर्यत ठेवली. पहाटे तीनला सुरुवात, ३५ किमीच्या फेऱ्या, एक टेबल, एक वजनकाटा. सरांनी वहीत एकच ओळ लिहिली होती : 'तहान लागेल तेव्हाच पाणी.' सुरुवातीला वजन ६८.२ आणि शेवटी ६७.१. डोके शांत, अंगठी सैल. मुंबईपेक्षा त्यांचा वेग कमी होता, पण डॉक्टर म्हणून मला ही शर्यत जास्त आवडली. एक-दीड किलो वजन कमी होणे चालते. वाढणे ही धोक्याची खूण.

आणखी काय तपासावे?

पोट : लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, आणि केळी तर आपल्या जळगावची! मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की, जेल यांतले काय पचते ते सराव शर्यतीतच कळते. पोटालाही सवय लावावी लागते. खऱ्या शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही खाऊ नका.

उतार : चढाने दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण तिथे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. मी स्वतः साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलो, तेव्हा यवतेश्वरचा घाट चढताना काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र कठड्याला धरावे लागले. चांगली गोष्ट ही की एकदा असा त्रास सोसलेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो. धुळेकरांनी त्यासाठी लळिंग घाटाचा उतार वापरावा.

ऊन : शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पण खान्देशातल्या ४३-४४ अंशांत दुपारी धावणे म्हणजे सराव नव्हे, उष्माघाताला आमंत्रण. पहाटेच धावा.

वेदनाशामक गोळ्या : धावण्याआधी किंवा धावताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्यांनी इजा होऊ शकते.

किती आणि कधी?

पाच-सहा महिन्यांच्या तयारीत तीन-चार सराव शर्यती पुरेत. त्यांतली सर्वांत लांब, ४२ ते ५० किमीची, मुख्य शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधी. दोन लांब शर्यतींमध्ये किमान तीन-चार आठवडे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असणाऱ्यांनी तयारी सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्यावी.

थांबायचाही सराव

छातीत दुखणे, चक्कर, बोलण्यात गोंधळ, चहासारखी गडद लघवी यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. ताप येऊन गेला असेल तर त्या आठवड्यात धावू नका. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटावर पैसे खर्च करून परदेशात गेलेला माणूस मध्येच थांबायला तयार होत नाही, हे मी पाहिले आहे. गावातल्या सराव शर्यतीत मात्र थांबणे स्वस्त पडते. घर जवळ असते, हसणारे मित्रच असतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा धावता येते. तिथे एकदा वेळेवर थांबून बघा. पुढे परक्या रस्त्यावर वेळ आलीच, तर थांबणे तेवढे जड जाणार नाही.