लांब म्हणजे कुठून?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या भाड्याच्या घरात राहतात त्यांना ‘अकरा महिने’ म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. अकरा महिने झाले की नवा करार, दर खेपेला भाडं थोडं वर, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकांना विचारून. असे करार करत बोरिवलीत आम्ही अकरा वर्षं काढली. गेल्या दिवाळीनंतर मालकांचा निरोप आला. इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे, मेपर्यंत जागा मोकळी करा. त्यांचं काही चुकलं असं नाही. पण त्या रात्री माझ्या तव्यावरच्या दोन पोळ्या करपल्या, आणि कुणी काही बोललं नाही.

बोरिवलीत विकत घ्यावं तर आकडे ऐकूनच छाती दडपते. हे दोन आठवडे जुन्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करत होते. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “वसईला बघायचं का?”

“पुलापलीकडे?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आम्हा बोरिवलीकरांच्या मनात भाईंदरची खाडी ही वेस आहे. भाईंदर सुटलं की गाडी पुलावर येते, डब्यातल्या बायका हात जोडतात, कुणी खिडकीतून नाणं टाकतं. तिथवर आपलं, त्यापुढचं परकं. त्यापुढे म्हणजे पाण्याचे टँकर, विरार गाडीतली रेटारेटी आणि पावसाळ्यात रुळांवर साचलेलं पाणी. मी तोंडाने “बघू” म्हटलं आणि मनातून ‘नाही’ म्हणून मोकळी झाले.

आता एक कबुली देते. मी नाशिकची. लग्न होऊन बोरिवलीत आले तेव्हा दादरला राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, “बोरिवली? अगं बाई, मग तुमच्याकडे यायचं तर वाटेत खायला डबाच घ्यायला हवा!” सगळे हसले, मीही हसले. पण ते बोलणं लागलं होतं. गणपती दादरला, दिवाळीचं फराळ दादरला, आणि आम्ही मात्र कायम ‘लांबून येणारे’. आणि इतक्या वर्षांनी मी वसईबद्दल नेमकं तेच म्हणत होते.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका भाजीवालीने. आमच्या स्टेशनबाहेर सकाळी एक वसईवाली बसते. वालाच्या शेंगा, अळू, माठ, वेलची केळी, सगळं स्वतःच्या वाडीतलं. शेंगा निवडता निवडता मी सहज विचारलं, “मावशी, वसई फार लांब पडते का हो?”

ती जुडी बांधता बांधता म्हणाली, “कुठून लांब, बाई? मी पहाटे चारला उठते, टोपली घेऊन गाडी पकडते, तुमच्या बोरिवलीला येते. मला विचाराल तर बोरिवली लांब.”

मी पैसे देऊन घरी आले, पण ते वाक्य काही सुटेना. खरं सांगू? मला लाजही वाटली. बी.ए.ला माझा विषय इतिहास. आजही एका शाळेत अर्धवेळ इतिहासच शिकवते. आणि वसईची मोहीम मी वर्गात पाच मिनिटांत उरकते! त्या रात्री सगळी निजल्यावर कपाटावरची पुस्तकं खाली काढली आणि ओट्याशीच वाचत बसले.

आधी एक गोष्ट सांगते, जी आपण रोज विसरतो. बोरिवली असो की अंधेरी, मुलुंड असो की घाटकोपर, आपण सगळ्या बेटावरच राहतो. हे साष्टी बेट. आणि त्याच्या उत्तरेला, खाडीच्या पलीकडे, खाड्यांनी वेढलेलं दुसरं छोटं बेट म्हणजे वसई. २३ डिसेंबर १५३४ या दिवशी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तिच्याबरोबर मुंबईची बेटंही गेली, वाणाबरोबर सुपारी जावी तशी. तेव्हा मोल वसईला होतं, मुंबईला नव्हे.

पुढची दोनशे वर्षं वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. दमणपासून चौलपर्यंतचा कारभार या एवढ्याशा गावातून चाले. वरचा अधिकारी गोव्यात, आणि राजा तर पार लिस्बनला. तिथून गोव्याला जहाज यायला सहा-सहा महिने लागत. पत्र पाठवून उत्तर यायचं म्हणजे दीड-दोन वर्षांचा हिशोब. तिथल्या माणसांच्या लेखी वसई म्हणजे जगाचं टोकच असणार. पण बोरिवलीच्या, मालाडच्या शेतकऱ्याला सारा, फिर्याद, न्याय सगळ्याला सरकार म्हणजे वसई. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मंडपेश्वरची लेणी आहेत. तिथे डोक्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. किती संध्याकाळी मी लेकीला घेऊन तिथे फिरले असेन, पण त्या भिंतींची वाट वसईकडे जाते हे कधी मनात आलं नाही.

वाचताना मला बायकाच जास्त दिसायला लागल्या. त्या काळी पोर्तुगालचा राजा तिथल्या पोरक्या मुलींना जहाजात बसवून इकडे धाडत असे. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून सरकारी हुद्दा नाहीतर जमीन मिळे. नवरा कोण ते माहीत नाही, गाव कुठलं ते माहीत नाही, परतीची वाट नाही. त्यांतली एखादी वसईला नांदायला आली असेल, तिने पहिल्या रात्री काय विचार केला असेल? आणि मी पाव-अर्ध्या तासाच्या गाडीसाठी डोळ्यांत पाणी आणून बसले होते.

आणि मुंबई? मुंबईचं बेट तेव्हा चक्क भाड्याने दिलं जाई! सोळाव्या शतकाच्या मध्याला ते गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याकडे होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात त्याने मुंबईतल्या आपल्या आंब्याच्या झाडाचं कौतुक केलं आहे, वर्षातून दोनदा फळतं म्हणून. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई आंदणात गेली, हे आपण शाळेत शिकलो. पण १६६५ साली इंग्रजांनी प्रत्यक्ष ताबा घेतला तो एका विधवा बाईच्या वाड्यात, हे कुणी शिकवलं नाही. डोना इग्नेझ द मिरांडा तिचं नाव. बेटाची मालकीणबाई तीच. राजाने बहिणीच्या आंदणात दिलं ते हिचं राहतं घर-वतन! आणि तीनच वर्षांनी इंग्लंडच्या राजाने हेच बेट कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. अकरा महिन्यांच्या करारवाल्या मला हे वाचून हसू आलं आणि जरा धीरही आला.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. फेब्रुवारी ते मे वेढा चालला. तटाखाली सुरुंग लावले, हजारो मराठे कामी आले. किल्ला पडल्यावर पोर्तुगीजांना बायकामुलांसह आणि सामानसुमानासह सुखरूप जाऊ दिलं गेलं. वर्गात मी इथे थांबून “केवढा मोठा विजय!” म्हणते, आणि तो होताच. पण या वेळी मला त्या गाठोडी बांधणाऱ्या बायकाही दिसल्या. काय न्यायचं, काय टाकायचं, हे मीही त्याच दिवसांत ठरवत होते.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि एक, मैत्रिणींनो, नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात! तिथे वाचता वाचता मी थांबले. ही तर माझ्या माहेरची घंटा. मोठा पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का, हे आमच्याकडे माणसं एकमेकांना विचारायची. बाबांचं बोट धरून पुलावरून मी ती कितीदा पाहिली आहे. ती वसईची लेक आहे आणि नाशिकला नांदते आहे, हे मला आत्ता कळलं. ह्यांना उठवावंसं वाटलं, पण घड्याळात एक वाजला होता.

सकाळी डबा भरताना मी म्हटलं, “येत्या रविवारी जाऊ वसईला.” ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता डबा पिशवीत ठेवला.

आम्ही तिघं गेलो. आधी किल्ला पाहिला. तो स्टेशनपासून बराच आत, समुद्राकडे आहे. एक दरवाजा जमिनीच्या अंगाचा, एक समुद्राच्या अंगाचा. मधे ओळीने उभी बिनछपराची चर्चं, त्यांच्या कमानींतून वर आलेली ताडामाडाची झाडं. गोन्सालो गार्सिया हे संत याच वसईत जन्मले, १५९७ साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. एका भिंतीच्या सावलीत नवरा-नवरीचे फोटो काढणं चाललं होतं. समुद्राच्या बाजूला कोळी वस्ती, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. लेक म्हणाली, “आई, इथे राजधानी होती? मग सगळे गेले कुठे?” मी म्हटलं, “राजधानी गेली. माणसं इथेच आहेत की!” आणि खरंच, बोंबील उलटणाऱ्या त्या बाईला पोर्तुगीज काय, पेशवे काय, इंग्रज काय, सगळे येऊन गेले तरी वाळवण करायचंच होतं.

मग घर पाहिलं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. इथे माझा एक अनुभव तुमच्या कामी यावा म्हणून सांगते. घर बघायला गेलात तर पाण्याचं दलालाला विचारू नका. त्याच्या नळाला चोवीस तास पाणी असतं! जिन्यात भेटणाऱ्या बायकांना विचारा, तेही निदान तीन मजल्यांवरच्या. मी विचारलं. पाणी ठरल्या वेळी येतं, भरून ठेवावं लागतं, मे महिन्यात कधी टँकर मागवावा लागतो. हे ऐकून गेले म्हणून नंतर फसगत नाही. दुसरं, रविवारच्या गाडीवर प्रवास ठरवू नका. मी मुद्दाम एका सोमवारी सकाळी आठला वसईहून गाडी धरून पाहिली. बोरिवलीला उतरले तेव्हा पदराची पिन गेली होती आणि श्वास राहिला होता, एवढंच सांगते. माझी शाळा दुपारची, तेव्हा मला ती गर्दी रोज नाही. ह्यांना मात्र आहे. ह्यांचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन पाऊण तास तरी वाढणार. वसईचं नाव ह्यांनीच आधी काढलं होतं आणि या पाऊण तासाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. हे मला त्या गर्दीत उभं राहिल्यावर कळलं.

बयाणा दिला आहे. लेकीची वार्षिक परीक्षा झाली की सामान हलेल. सगळी काळजी मिटली, असं खोटं कशाला सांगू? जुलैत पाऊस कोसळेल, रुळांवर पाणी चढेल, गाड्या बंद पडतील आणि मी या घराला नावं ठेवीन, हे मला आजच माहीत आहे. पण त्या भिंतीत खिळा मी कुणाला न विचारता ठोकणार आहे. पहिली तसबीर कुठली लावायची तेही ठरलं आहे. गेल्या महिन्यात भावाकडून नारोशंकराच्या घंटेचा फोटो मागवून घेतला.

परवा दादरहून जाऊबाईंचा फोन आला. “वसई? अगं, इतकं लांब?”

या वेळी मला लागलं नाही. मी म्हटलं, “वहिनी, लांब म्हणजे कुठून?”

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बरं बाई! पण येताना आमच्यासाठी तिथली सुकेळी आणशील ना?”

आणीन की. नाहीतर वहिनींनीच यावं, डबा न घेता. घर आमचं आहे, जेवायलाच वाढीन.