कॅथरिना आणि रूथचा देश

आम्हा बहरीनमधल्या मनामाकरांच्या मुलांना शुक्रवारी सुट्टी असते आणि रविवारी शाळा. मराठी डावीकडून वाचायचं, अरबी उजवीकडून. यात उलटं काही आहे असं त्यांना वाटतच नाही. उलटं दिसतं ते मोठेपणी इथे येणाऱ्याला.

मिशिगनचे सॅम्युएल झ्वेमर असेच मोठेपणी आले, १८९२ साली, ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. १८९६ मध्ये परिचारिका एमी विल्क्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दोघांनी मिळून १९०२ साली अमेरिकेतल्या मुलांसाठी एक सचित्र पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘टॉप्सी-टर्व्ही लँड’, म्हणजे उलटापालटा मुलुख: अरबस्तान! विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ हे मुलांचं मराठी मासिक तेव्हा विशीत होतं. मुलांपुढे जग उलगडायची हौस दोन्हीकडे सारखीच. पण ओक आपल्याच मुलांशी बोलत होते. झ्वेमर एका देशातल्या मुलांना दुसऱ्या देशातल्या मुलांविषयी सांगत होते, त्यांना आपल्या धर्मात आणायची आस मनात धरून. ती आस मला खुपते.

त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या मुली इथे वाढत होत्या. कॅथरिना आणि धाकटी रूथ. त्यांना हा देश उलटा वाटला असेल? मला नाही वाटत. त्यांचं घरच होतं ते.

१९०४ च्या जुलैत, आठवड्याभरात दोघीही गेल्या. एक सात वर्षांची, एक चार. इथला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको: रात्रीही न उतरणारी उष्णता, अंगाला चिकटणारी खारट हवा. तेव्हा विजेचा पंखाही नव्हता. आणि आई परिचारिका, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी. दोघींना बहरीनमध्येच पुरलं.

मुलांसाठी लिहिणं म्हणजे हलकं काम, असं समजून आपण बालसाहित्याला मागच्या रांगेत बसवतो. एमीबाईंकडे पाहिलं की मला त्याचा राग येतो. १९११ साली या दोघांचं मुलांसाठीचं दुसरं पुस्तक निघालं, ‘झिगझॅग जर्नीज इन द कॅमल कंट्री’. पुन्हा अरबस्तान, पुन्हा दूरदेशीच्या मुलांना गोष्टी सांगणं. आज ते कुणी मुलांच्या हाती देणार नाही, देऊही नये. मी मात्र ते वाचताना प्रत्येक पानावर त्या दोघींना शोधत असते.