वेब्रिजच्या आईला देवासहून

ई. एम. फॉर्स्टरचं ‘द हिल ऑफ देवी’ (1953) हे पुस्तक इंग्रजी वाचकाला एका लहरी संस्थानिकाची गंमत वाटतं. मराठी वाचकाला त्यात ओळखीचं घर दिसेल. पुस्तक मुख्यतः देवासहून लिहिलेल्या पत्रांचं आहे, आणि त्यातली पुष्कळशी इंग्लंडमध्ये वेब्रिजला राहणाऱ्या आईला धाडलेली. फॉर्स्टरने लग्न केलं नाही. 1945 मध्ये आई वारली तोवर मायलेकांचं बिऱ्हाड एकच होतं. आईला इंग्रज अधिकाऱ्यांच्या डावपेचांशी काय कर्तव्य? जेवायला काय होतं, अंगावर काय घातलं, घरात कोण कोणावर रुसलंय, हे तिला सांगायचं. माळव्यातल्या मराठी राजघराण्याचा संसार कागदावर उतरला, त्याचं बरंचसं श्रेय माझ्या मते या वाचक आईला जातं.

हे राजघराणं पवारांचं. पवार माळव्यात आले ते अठराव्या शतकात, मराठी फौजांबरोबर. एक घराणं धारला स्थिरावलं. देवास तुकोजी आणि जिवाजी या भावांकडे आलं आणि पुढे थोरली पाती, धाकटी पाती अशी वाटणी झाली. गाव एक, राजे दोन, वाडे दोन, दरबार दोन. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. साहेबलोकांना याचं फार हसू येई. कोकणात एका फणसाला चार हिस्सेदार असतात हे ठाऊक असणाऱ्याला ते येणार नाही.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांना शिकवायला माल्कम डार्लिंग होते. ते फॉर्स्टरचे केंब्रिजचे मित्र. त्या ओळखीवर फॉर्स्टर 1912 च्या नाताळात देवासला आला, तेव्हा त्याला देशी पोशाख चढवून जमिनीवर पंगतीला बसवलं. 1921 मध्ये तो महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला.

त्या वर्षीची गोकुळाष्टमी हा या पत्रांचा कळस. जुन्या राजवाड्यात दिवसरात्र भजन, अनवाणी गर्दी, एकावर एक वाजणारी वाद्यं, गळ्यात अडकवलेलं तंतुवाद्य छेडत नाचणारे महाराज. शिस्त नाही, नीटनेटकेपणा नाही, अशी तक्रार फॉर्स्टर करतो आणि तरीही भारावून जातो. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या त्याच्या कादंबरीचा (1924) शेवटचा भाग यातूनच उभा राहिला. तिथे गाणारे प्राध्यापक गोडबोले आहेत, आणि मंदिरात नामघोष चालतो तो तुकारामाचा! कादंबरीतलं माऊ संस्थान कुठलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

बायकांच्या दालनातलं बोलणं मात्र पुस्तकात फारसं ऐकू येत नाही, आणि घरातला खरा पेच तर तिथेच होता. तुकोजीरावांची राणी अक्कासाहेब म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची लेक. लग्न 1908 चं. ते विस्कटलं, राणी माहेरी गेल्या, मुलगा विक्रमसिंह देवासलाच राहिला. पुढे बापलेकांचंही फाटलं. कर्ज आणि इंग्रजांची चौकशी यांना कंटाळून महाराजांनी फ्रेंचांच्या पाँडिचेरीचा आसरा घेतला आणि 1937 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. विक्रमसिंह 1947 मध्ये आईच्या माहेरी दत्तक गेले आणि शहाजी या नावाने कोल्हापूरचे छत्रपती झाले.