बचतीच्याच पैशाने बचत!

सध्या मी जरा त्रासदायक माणूस झालो आहे. लग्नाला गेलो की जेवणाआधी कार्यालयाच्या मॅनेजरला एसीचं बिल विचारतो. कारण मला एस्को सापडली आहे!

सोसायटीचा खजिनदार म्हणून माझं उत्तर आजवर ठरलेलं असायचं: पंप जुना आहे, जिन्यातल्या ट्यूबा वीज खातात, सगळं मान्य, पण सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही. आणि आता कळतंय की हात लावायची गरजच नाही! एनर्जी सर्व्हिस कंपनी, म्हणजेच एस्को, स्वतःचा किंवा बँकेचा पैसा घालून पंप आणि दिवे बदलते. आपलं बिल उतरतं आणि वाचलेल्या रकमेतला ठरलेला वाटा ती काही वर्षं घेते. समजा, 40 हजारांचं बिल 26 हजारांवर आलं. वाचलेल्या 14 हजारांतले 11 कंपनीचे, 3 आपले, आणि करार संपला की सगळे आपले. बिल उतरलंच नाही तर कंपनीच्या हाती काहीच नाही! जी वीज आज फुकट जाते आहे, तीच उद्याचं भांडवल. हे मला शाळेत का नाही सांगितलं कुणी?

बरं, हे कागदावरचं नाही. 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेत काही राज्यांत दहा रुपये देऊन एलईडी बल्ब घरी नेता येई, उरलेले पैसे दर महिन्याच्या वीजबिलातून दहा-दहा रुपयांनी कापले जात. ईईएसएल ही सरकारी कंपनी कोट्यवधी बल्ब एकदम घेई, त्यामुळे तिचा 310 रुपयांच्या आसपासचा खरेदीदर 2016 पर्यंत 38 वर घसरला. रस्त्यावरचे दिवेही तिने पदरच्या पैशाने बदलले आणि नगरपालिकांनी ते वाचलेल्या बिलातून काही वर्षांत फेडायचे, असं ठरलं. (कित्येक नगरपालिकांनी हप्ते थकवले, हा भाग मी उत्साहाच्या भरात लोकांना जरा हळू आवाजात सांगतो.)

पण मला खरं वेड लावलं ते मंगळवेढ्याने. सोलापूर जिल्ह्यातल्या या भागात कृषिपंप बदलण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प झाला, 2200 हून जास्त जुने पंप बदलले गेले. शेतकरी खर्च का करेल? तेव्हा त्याला वीज स्वस्त होती, अनेकांना तर अश्वशक्तीवर ठरलेलं बिल, पंपाने कितीही खाल्ली तरी तेवढंच. वीज वाया जाते शेतात आणि तोटा बसतो महावितरणला! म्हणून पंप शेतकऱ्याला फुकट आणि त्याचे पैसे महावितरणच्या वाचलेल्या विजेतून. ज्याचं नुकसान थांबतं त्याच्याकडून वसूल करा. काय डोकं आहे!

डोकं जुनंच म्हणायचं. जेम्स वॅट आणि मॅथ्यू बोल्टन अठराव्या शतकात कॉर्नवॉलच्या खाणमालकांना सांगत, यंत्र तुमच्या खर्चाने उभारा, पण आमची फी मात्र जुन्या न्यूकॉमेन इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश. कोळसा तिथे जहाजाने यायचा, महाग, म्हणून सौदा पटायचा. आणि इंजिनाचे ठोके मोजणारं यंत्र कुलूपबंद पेटीत! तरी पुढे पैशांवरून भांडणं झालीच.

ते कुलूप वाचलं आणि कळलं, सगळी गोम मोजणीत आहे. वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही. आधी किती लागायची हे दोघांनी मान्य केलं तरच ती मोजता येते. उन्हाळा कडक गेला, चार फ्लॅट नव्याने भरले, दर वाढला, तर काय धरायचं, हे सही करण्याआधी लिहून घ्यावं लागतं.

दुसरी अडचण आकाराची. एका इमारतीच्या पंपासाठी तपासणी, करार, मोजणी हा खटाटोप कुठल्या एस्कोला परवडणार? म्हणून गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या खजिनदारांना गाठतो आहे. जुनी बिलं काढा म्हणतो. शेजारच्या इमारतीतले काका म्हणाले, ‘‘फुकट पंप देतात म्हणे, मग पहिला आमच्याकडे बसवा.’’ काकांना फुकट आणि उधार यातला फरक समजावतो आहे. मोजणीचा मुद्दा अजून काढलेला नाही.